पाण्यावरचा आळ

४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन उचलायचा नाही, उचललाच तर "मागून करतो" म्हणायचं, आणि मागून म्हणजे कधी ते सांगायचं नाही. मोबाईलवर निरोप टाकला तर त्यावर तू अंगठा पाठवलास. सख्ख्या भावाची छाती उघडलीय असं कळवलं तर त्यावर अंगठा पाठवतात का रे? म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. कागद मध्येच कट करता येत नाही. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. बाबांनी चौथीतून उठवून मला रंगाच्या हंड्याशी उभं केलं, तेव्हा चुका काढत बसू नकोस, मजकूर वाच.

दादाच्या छातीत गाठ निघाली. मधल्या हाडाच्या मागे, हृदयाच्या जरा वर, थायमस नावाची ग्रंथी असते म्हणे. लहान पोराच्या छातीत ती मोठी असते, माणूस वाढला की सुकत जाते आणि उतारवयात नुसती चरबी उरते. दादाची सुकायची सोडून गाठ धरून बसली. मुळात तिथली गाठच फार थोड्यांना होते, आणि दादाची त्या थोड्यांतसुद्धा वेगळ्या जातीची. डॉक्टरांनी काढता आली तेवढी काढली. मोठ्या शिरेला चिकटलेला तुकडा तसाच ठेवावा लागला. चार वर्षांपूर्वी सापडली असती तर वाटाण्याएवढी असती आणि अख्खी निघाली असती, असं मोठे डॉक्टर म्हणाले. म्हणाले आणि निघून गेले, त्यांना पुढचा पेशंट होता.

आता तुझ्या कामाचं. गाठीचा तुकडा तपासायला गेला, त्यात एका जनुकात चूक सापडली. इथे एक बाई आहे, तिचं कामच हे, लोकांना बसवून जनुकं समजावायची. मी तिला चष्मेवाली म्हणते. बिनखिडकीची खोली, टेबलावर रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा. मी तो बाजूला सरकवला आणि म्हटलं, बोला पटपट, माझा रंग उकळतोय. तर ती सावकाशच बोलली. म्हणाली, गाठीत चुका असतातच, बहुतेकांच्या त्या गाठीपुरत्या असतात, माणसाबरोबर संपतात. पण दादाच्या रक्तातही तीच चूक निघाली. म्हणजे ती जन्मापासून अंगात आहे, आईकडून नाहीतर बाबांकडून आलेली. म्हणजे माझ्यात असू शकते, तुझ्यात असू शकते. प्रत्येक पोराला निम्मी शक्यता.

मला ते आपल्या भाषेत कळलं. नमुन्याचं सूतच चुकीच्या छटेचं निघालं तर त्यावरून रंगवलेली प्रत्येक लडी चुकीची निघते. रंगाऱ्याचा हात कितीही चांगला असो.

मग तिने विचारलं, घरात कुणाला मूतखडे? मी हसले. म्हटलं, बाई, आमच्या घरात कुणाला नाहीत ते विचारा. बाबांना होते, काकांना होते, दादाचे दोनदा काढले. आमच्या विहिरीचं पाणीच तसं, हंड्याला बोटभर थर बसतो. ती हसली नाही. तिने लिहून घेतलं.

मी माझं रक्त देऊन आले. तू तिकडच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात जा, सोबत दादाच्या रिपोर्टची नक्कल पाठवतेय ती दाखव, रक्त दे आणि छातीचा स्कॅन कर. छातीतली ही गाठ बहुतेक पुरुषांनाच होते, त्यातही सिगारेट ओढणाऱ्यांना. तू सोडलीस म्हणतोस, देव जाणे. बाबा कशाने खोकून गेले ते आठव. आपण हंड्याच्या वाफेला दोष दिला होता.

कधी जातोस ते कळव. अंगठा नकोय.

ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र पोचलं. पोस्टमनने दारात विचारलं, कोर्टाचं आहे का? मी म्हटलं, कोर्ट बरं, तिथे निदान दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतात.

दादाचं वाचून वाईट वाटलं. सुट्टी मिळाली की येतो. इथे मिलमध्ये नवा माल सुरू झालाय, मला हलता येत नाही. पण तू माझी चिंता करू नकोस, मी ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात कपाट सरकवताना पाठीत लचक भरली तेवढंच. ती संध्याकाळ बसवेना की पडवेना, खोलीत येरझारा घालून काढली. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

तू आणि तुझी चष्मेवाली दोघींनी एक गोष्ट लक्षात घ्या. दादा जन्मभर उकळत्या हंड्यावर वाकून वाफ ओढत राहिला. बाबाही तेच. मी ते सोडून आलो. मी काचेच्या खोलीत बसतो, रंगाची छटा यंत्र मोजतं, मी बटण दाबतो. वाफ माझ्यापर्यंत येतच नाही. आणि मूतखड्याचं तर तूच सांगितलंस, ते आपल्या विहिरीचं देणं. इथे मिलमध्ये पाणी यंत्रातून मऊ करून येतं, वसाहतीतल्या नळालाही तेच. साबणाचा हातभर फेस होतो. किटलीला आतून डागसुद्धा नाही. इथे आल्यापासून खडा कसला असतो ते मी विसरलोय.

ताई, एक विचारू? हे सगळं रक्ताचं आहे, की दादा अंथरुणाला खिळला आणि हंड्याशी उभं राहायला घरातला पुरुष हवाय? तसं असेल तर सरळ सांग. लड्यांचा एक लॉट खराब निघाला, मी पाण्याचा दोष म्हटलं, तर चार कामगारांसमोर माझ्या थोबाडीत मारली होती दादाने. त्या जागी मी परत उभा राहणार नाही. माणूस ठेवा, जमेल तसं पाठवीन.

आमची चिमणी तुझी आठवण काढते. कॉलेजात गेली, अजून तुझ्यासारखीच भांडते.

धाकटा

२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र दादाला सगळं वाचून दाखवलं नाही. मधलं पान गाळून दाखवलं. तो हसला, म्हणाला, एवढं छोटं लिहिलं त्याने? मग समजला असावा, कारण माझ्या हातातला कागद त्याने न वाचताच घडी घालून परत दिला.

तुला मी काय वाटले रे? सापळा लावून बसलेली? ऐक मग. हंडे मी बघतेय. तू गेलास तेव्हापासून निम्मं मीच बघत होते, फक्त पाटी दादाच्या नावाची. दोन पोरी हाताखाली घेतल्यात, निळा माझ्याहून चांगला काढतात. तुझ्या हातांची इथे कुणाला गरज नाही. यंत्राची बटणं दाबून ते मऊ झाले असतील, लडी पिळायलाही उपयोगाचे नाहीत. मला तुझ्या छातीची काळजी आहे. हात तिकडेच ठेव, छाती दाखव.

दादाचं सांगते. त्याचा चेहरा सुजलाय, सकाळी जास्त. मानेच्या शिरा फुगतात. छातीतला उरलेला तुकडा शीर दाबतोय. आवाज पत्रा घासल्यासारखा झालाय. चार उशा लावून बसून झोपतो. औषध सुरू आहे, त्याने उरलेलं वाढायचं थांबेल असं म्हणतात, थांबलंच असं नाही म्हणत. परवा नर्सबाईंना म्हणाला, एक सिगारेट ओढू द्या, आता काय बिघडणार? त्या म्हणाल्या, माझी नोकरी. तो म्हणाला, बरं, नोकरी महत्त्वाची.

मी चष्मेवालीला तुझं वाफेचं सांगितलं. ती म्हणाली, वाफेने ही चूक जन्मत नाही, ती आधीपासून असते. आणि म्हणाली, चूक असली म्हणजे गाठ होतेच असं नाही. पण असेल तर दर थोड्या काळाने बघत राहायचं, आणि उगवली तर लहान असताना उचलायची. बघत राहणं हाच त्यावरचा इलाज. हे दादाला कुणी सांगितलं नव्हतं, तुला मी सांगतेय. एवढाच तुम्हा दोघांतला फरक. तो फुकट घालवू नकोस.

मी दादाला म्हटलं, त्याला आणते कान धरून. तो म्हणाला, सोड त्याला. घाबरट आहे, पण मूर्ख नाही. मला पहिलं पटलं, दुसऱ्याची खात्री तू पटव.

माझा रिपोर्ट अजून यायचाय. मी मनाची तयारी केलीय. दादात आहे म्हणजे माझ्यात असणारच, मी तर तिघांत बाबांच्या तोंडवळ्याची.

तारीख कळव.

ताई

१० मार्च

वन्संना नमस्कार,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे कसं सुरू करावं ते कळत नाही. तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. ह्यांनी दिली नाहीत, कपाटात शर्टांखाली होती.

ह्यांनी तुम्हाला खोटं लिहिलंय. पाठीत लचक वगैरे काही नव्हतं. मूतखडा होता. इथे आल्यापासून हा तिसरा. मागच्या वर्षीचा मशीनने फोडावा लागला. दवाखान्यात विचारलं तर हे म्हणाले, लहानपणी वाईट पाणी प्यायलोय, त्याचं आहे. डॉक्टरांनीही मान डोलावली. पोटात सारखी जळजळ असते. उशाशी औषधाची बाटली असते, ती पाण्यासारखी पितात. सिगारेट गॅलरीत जाऊन ओढतात, मला वास येत नाही असं त्यांना वाटतं. आणि महिनाभर खोकला आहे. आधी कोरडा होता. आता खोकताना छातीवर हात ठेवतात.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा ते वाचून बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसले होते. मला वाटलं आंघोळ करताहेत. बाहेर आले ते कोरडेच.

मी बोलले तर म्हणतात, तुला काय कळतं. तुमचं ऐकतील असंही नाही, पण तुम्हाला घाबरतात. तुम्ही मला उत्तर लिहू नका, पत्र त्यांच्या हातात पडतं. आणि मी कळवलं हे कृपा करून सांगू नका. त्यांना कळलं तर ते माझ्याशी बोलणं बंद करतील, आणि मग ह्या घरात काय चाललंय ते तुम्हाला सांगणारं कुणी उरणार नाही.

चिमणीला यातलं काही माहीत नाही.

तुमची भावजय

१६ मार्च

ताई,

तुझं दुसरं पत्रही मिळालं, आणि काल फोनवर तुझे सात निरोप. पुरे झालं.

मला माहीत करून घ्यायचं नाही. हा माझा निर्णय आहे आणि मी शुद्धीवर असताना घेतलाय. बाबा ज्या वयात गेले त्या वयाच्या मी दारात उभा आहे. दार उघडून आत कोण बसलंय ते बघायची मला हौस नाही. नसेल तर तपासून उपयोग नाही. असेल तर उरलेले दिवस मी त्याच्याकडे बघत बसायचं?

आणि माझ्यात निघालं तर पुढचं तू लिहिलं नाहीस, पण मला वाचता येतं. प्रत्येक पोराला निम्मी शक्यता, असं तूच लिहिलंस. मला एकच पोर आहे. ती सकाळी निघताना दार आपटून जाते, जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरते. तिला बसवून मी काय सांगू? की तुझ्या बापाने तुला नाक दिलं, उंची दिली, आणि हेही दिलंय का ते बघायला चल?

मी ठणठणीत आहे. दादाला माझा नमस्कार सांग. ह्या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

धाकटा

२५ मार्च

धाकट्या,

लिहू नकोस म्हणालास, लिहितेय. मी कधी तुझं ऐकलंय?

माझा रिपोर्ट आला. माझ्यात चूक नाही.

चष्मेवालीने हसून सांगितलं, तिला वाटलं मी हातच जोडीन. मी उठले, बाहेर आले आणि त्या लांब बाकावर बसले. मला इतका राग आला की समोरच्या फुलदाणीला लाथ घालावीशी वाटली. मी एकटी सुटले. लहानपणी तुम्ही दोघं मला म्हणायचात ना, तुला कचऱ्याच्या डब्याजवळून उचलून आणलंय, तू आमच्यातली नाहीस. तसं वाटलं. दादाला सांगितलं तर तो त्या पत्र्याच्या आवाजात म्हणाला, बघ, आम्ही म्हणतच होतो. आणि माझा हात धरून ठेवला, जेवण येईपर्यंत सोडला नाही.

तर तिथे बाकावर बसले असताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. नीट वाच, भरभर वाचायची तुझी खोड आहे.

त्या विहिरीचं पाणी सगळ्यात जास्त कोण प्यालं? मी. बाबा गेले, तू पळालास, दादा अर्धं आयुष्य बाजारच्या गावांना फिरला. मी कुठेच गेले नाही. सासर मिळालं तेही दोन घरं सोडून, त्याच विहिरीवर. जन्मभर तेच पाणी प्याले, त्यातच लड्या पिळल्या. मला एक खडा नाही. कधीच नव्हता. आणि ज्यांना झाले, बाबा, काका, दादा, ते सगळे एका रक्ताचे. माझ्या सासरच्यांपैकी कुणाला झाला नाही, त्याच विहिरीवर राहून.

आपण रंगारी आहोत ना, म्हणून आपल्याला हे दिसलं नाही. लडीवर डाग पडला, पाणी. रंग फिका आला, पाणी. पोटात कळ आली, पाणी. दुसऱ्या कुठल्या घरात एवढे खडे निघाले असते तर कुणीतरी दवाखान्यात जाऊन विचारलं असतं की हे काय. आपण विहिरीला शिव्या घातल्या आणि कामाला लागलो. मी हे चष्मेवालीला सांगितलं. ती म्हणाली, ह्या चुकीत मानेतल्या चार बारक्या ग्रंथी बिघडतात, रक्तात चुना वाढतो, त्याचे खडे. छातीतली गाठ नंतर, तीही काहींनाच. खडे आधी येतात. म्हणजे आपल्या घरात इतकी वर्षं कुणीतरी दार वाजवत होतं आणि आपण म्हणत होतो वारा आहे.

आता तुझं पहिलं पत्र काढून समोर ठेवलंय. तू लिहिलंस, पाठीत लचक भरली, बसवेना की पडवेना, येरझारा घातल्या. अरे, मी खडेवाल्यांच्या घरात वाढले. लचक भरलेला माणूस ओंडक्यासारखा पडून राहतो, हलवलं तर ओरडतो. येरझारा घालतो तो खडेवाला. बाबा ह्याच अंगणात घालायचे, आणि आपण तिघं जिन्यावर बसून बघायचो. हे मला कुणी सांगायची गरज नाही, तू स्वतःच्या हाताने लिहून पाठवलंयस. आणि त्याच पत्रात साबणाचा फेस हातभर होतो म्हणून मिरवलास. मग मऊ पाण्यात हा खडा कुठून आला? तिकडेही आमच्या विहिरीनेच पाठवला का?

दादाला मी सगळं वाचून दाखवलं, ह्या वेळी एकही पान न गाळता. थोबाडीचंही. त्याने पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाला, लिही. मी त्याचेच शब्द लिहिते, मध्ये धाप लागत होती ती सोडून.

"त्याला सांग, तो लॉट खराब झाला तो पाण्यानेच. तो बरोबर बोलत होता, मला नंतर कळलं होतं. मारलं ते चुकलं. एकदा पाण्याचा दोष होता तर मी त्याला मारलं, आता पाण्याचा नाही तर तो पाण्यामागे लपतोय. सांग, मी आता मारायला येऊ शकत नाही, म्हणून लिहून घेतोय."

परवा त्याचा दुसरा स्कॅन झाला. काय निघालं ते मी इथे लिहीत नाही. यायचं असेल तर महिने मोजत बसू नकोस, एवढंच कळवते.

आणि चिमणीचं. तू म्हणतोस तिला काय सांगू. तुझ्यात नसेल तर काहीच सांगायचं नाही, गोष्ट तिथेच संपली, तिला दार आपटत जाऊ दे. असेल तर तिला ते सांगायला बाप जिवंत लागतो. बाबांनी आपल्याला काही सांगितलं नाही, कारण त्यांना माहीतच नव्हतं. तुला माहीत आहे. माहीत असून गप्प बसलास, तर उद्या तिच्या पोटात कळ आली की तीही म्हणेल, पाणी. मग कुठल्या विहिरीला शिव्या घालायच्या, तेवढं तिला सांगून ठेव.

तुझ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात चष्मेवालीने स्वतः फोन केलाय. पुढच्या सोमवारी सकाळी तुझं रक्त आणि छातीचा स्कॅन, दोन्ही एकाच दिवशी. तुझं नाव लिहिलेलं आहे, जाऊन फक्त उभं राहायचं. जाताना बायकोला बरोबर ने. ती गप्प असते म्हणून तिला दिसत नाही असं समजू नकोस.

मला शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे. लांबलचक नको, विनोद नको. "जातो" एवढं पुरे. फोन कर, निरोप टाक, ह्या एकाच वेळेला अंगठाही चालेल. शनिवारी काही आलं नाही, तर रविवारी मी तुझ्या दारात उभी असेन. येताना आपल्या विहिरीच्या पाण्याची कळशी आणीन, तुझ्या आणि चिमणीच्या समोर बसून पेलाभर पाणी पिईन, आणि मग तिला तुझ्यादेखत सांगेन की ह्याने काही होत नाही, कशाने होतं ते तुझ्या बापाला विचार.

शनिवारपर्यंत.

ताई